चढायला कोणी सांगितलं

भोईरबाईंना मी पहिल्या भेटीत टू बीएचके विकायला निघालो होतो.

दोष सगळा माझा नव्हता. रविवार होता, विक्रीचा माणूस लग्नाला गेला होता आणि साइटवर टाय लावलेला मी एकटाच होतो. कोन गावाच्या अलीकडे आमच्या कंपनीचा चौदा मजल्यांचा टॉवर उभा राहत होता. विमानतळ येणार या एका वाक्यावर पनवेलभोवती तेव्हा असे बरेच टॉवर उगवत होते. मी तिथला साइट इंजिनियर, वय सव्वीस. सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गेल्यापासून सेफ्टीही माझ्याकडेच होती, म्हणजे त्याची खुर्ची आणि त्याची शिट्टी माझ्याकडे होती.

गेटातून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेली, पोपटी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाल्या, "मला तिसरा मजला बघायचाय. पूर्वेची बाजू."

पूर्वेची बाजू मागणारं गिऱ्हाईक म्हणजे वास्तुशास्त्रवालं, पक्कं, हे मी विक्रीवाल्याकडून ऐकलं होतं. बाई पुढे काही बोलणार तोवर मी त्यांच्या हातात पत्रक दिलं आणि मॉड्युलर किचनवर सुरू झालो. जिन्याला अजून कठडा नव्हता. बाईंनी माझी बाही घट्ट धरली, डोळे मिटले आणि एकेक पायरी मोजत वर आल्या. उंचीची भीती असलेलं गिऱ्हाईक तिसराच मजला घेणार, हेही मी मनात नोंदवलं.

"इथून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, मॅडम," मी म्हणालो.

"आणि ही हिरवी जाळी कसली?"

"सेफ्टी. आमच्याकडे सेफ्टीच्या बाबतीत तडजोड नाही. पंधरा दिवसांपूर्वी हाच कोपरा सुटला होता. मी खालून पाहिलं आणि त्याच मिनिटाला माणूस चढवला."

बाईंनी पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. "मग तो उतरला कसा?"

माझं मॉड्युलर किचन तिथंच कोसळलं.

बाईंनी पिशवीतून गवंड्याचा पितळी ओळंबा काढला. त्याची दोरी परांचीच्या बांबूपासून हळूहळू खाली सोडली. ओळंबा जमिनीला टेकल्यावर दोरी बांबूशी चिमटीत धरली आणि तिथं एक गाठ मारली. त्या दोरीवर आधीच्या गाठी होत्या. मी दहापर्यंत मोजल्या, पुढे मोजवेना.

"मी वकील. बाळू हिलमची," त्या म्हणाल्या. "गेटवरच सांगणार होते, तुम्ही बोलू दिलं नाहीत. आता ऐका. आत्ता जे बोललात ते मी कोर्टात काढणार नाही. गिऱ्हाईक समजून बोललात, ते माझ्या कामाचं नाही. कोर्टात तुमचं तुम्हीच सांगाल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगाल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माझी बाही धरून, डोळे मिटून, मोजत खाली उतरल्या.

हे त्यांचं कायमचं. ॲडव्होकेट यमुना भोईर यांना उंचीची इतकी भीती, की घरी माळ्यावरचा डबासुद्धा त्या शेजारणीकडून काढून घेत. पण माणूस जिथून पडला त्या जागी स्वतः चढल्याशिवाय त्यांनी एकही केस घेतली नाही. "जिथून तो पडला तिथं माझे पाय लटपटले पाहिजेत," म्हणायच्या. "नाहीतर मी कागदच वाचत बसेन."

आता बाळूबद्दल. बाळू हिलम कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीवरचा. मुकादमाच्या टेम्पोतून रोज साइटवर यायचा आणि पडेल ते काम करायचा. एका बुधवारी दुपारी काही गिऱ्हाइकं यायची होती आणि तिसऱ्या मजल्याबाहेर जाळीचा कोपरा फडफडत होता. फोटोत वाईट दिसलं असतं. समोर बाळू होता. मी म्हणालो, "बाळू, जरा बांधून ये. पाच मिनिटांचं काम आहे." तो सुरक्षा पट्ट्याविना चढला, कारण मी पट्ट्याविना चढवला. बांबू फिरला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला. पण कंबरेचं हाड मोडलं आणि डावं मनगटही.

बाळू क्षणात खाली आला. जबाबदारी मात्र मजल्यामजल्यावर थांबत उतरत होती. कंपनी म्हणाली, तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणाला, तो त्या दिवसापुरता आला होता, आणि कोणी न सांगता हौसेनं चढला. शेवटी तो कोणाचाच नव्हता. वाडीवर आता पावसाळ्याआधी कुडाची भिंत लिंपायलाही तो उठू शकणार नव्हता आणि त्याची बायको ठमी एकटी वीटभट्टीवर जात होती. कोर्ट काय म्हणतं, यावर त्या घराचं पुढचं सगळं अडकलं होतं.

भोईरबाईंचं ऑफिस जुन्या पनवेलात, भाजीबाजाराच्या मागे, अर्थातच तळमजल्यावर. हातांची खुर्ची एकच, ती अशिलाची. बाई स्टुलावर. "हाडं त्याची मोडलीत, माझी नाही." ज्याला बसता येत नाही त्याच्यासाठी भिंतीलगत एक खाटही होती. अशील वाडीवरून करवंदं आणायचे, जासईच्या बाजूचे सुके बोंबील आणायचे. त्यामुळे त्या ऑफिसच्या फायलींना एक वास होता, आणि विरुद्ध बाजूचे वकील तो वास ओळखायचे.

बाई मूळच्या जासईकडच्या. वडील मिठागरात राबलेले. कोर्टात त्यांचं मराठी धुतल्यासारखं असे, पण राग आला की गाव बाहेर येई. बाई 'आहे' म्हणतायत तोवर समोरच्यानं खुशाल वाद घालावा, 'हाय' ऐकू आलं की तडजोडीचं बोलावं, असं पनवेलच्या बाररूममध्ये सांगत.

कायदा त्या होडीच्या दाखल्यानं शिकवायच्या. "होडी मालकाची, वल्हं भाड्याचं, वल्हवणारा तांडेलानं, म्हणजे होडीच्या मुकादमानं, आणलेला. होडीत बसलेला बुडाला. आता मालक म्हणतो, वल्हं माझं नव्हतं. अरे, पण मासळी कोणाच्या घरी जाणार होती? इमारत ज्याच्या धंद्याची, आधी भरून द्यायचं त्यानं. मग ठेकेदाराशी काय भांडायचं ते त्यानं सावकाश भांडावं. पडलेल्या माणसानं मालक शोधत फिरायचं नाही."

कंपनीला हे ठाऊक होतं, म्हणून कंपनीच्या वकिलांनी दुसरा खुंटा पकडला होता. पट्टा दिला होता, पण कामगारानं तो मुद्दाम लावला नाही, असं सिद्ध झालं तर भरपाई टाळता येत होती. आणि पट्टा दिल्याचा पुरावा म्हणजे माझं रजिस्टर.

त्या रजिस्टरचा मला फार अभिमान होता. लाल बाइंडिंग, पट्टीनं आखलेले रकाने, तारीख, नाव, 'सुरक्षा पट्टा मिळाला', अंगठा. अक्षर माझं. शाळेत मला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं आहे, हे मी इथे आवर्जून सांगतो, कारण त्यानंतर माझ्या अक्षराचं कौतुक फक्त भोईरबाईंनीच केलं. पट्टे बारा होते, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट स्टोअरमध्ये. तपासणीला कोणी आलं तर नवे दिसावेत म्हणून ते नवेच ठेवायचे, अशी आमची पद्धत. आणि अंगठे? रोज सकाळी चाळीस माणसांचे अंगठे घ्यायचे म्हणजे कामाचा खोळंबा. त्यावर तोडगा माझाच. सोमवारी सकाळी शाईचा पॅड घेऊन बसायचं आणि शनिवारपर्यंतचे सगळे अंगठे एकदमच घ्यायचे. आजूबाजूच्या साइटवरही हेच चाले, पण माझ्याइतकं सुबक कुठेच नसे.

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी मला मंत्र दिला: "फक्त 'होय' आणि 'आठवत नाही'." मी टाय लावून पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या बाकावर बाळू, काठी मांडीवर आडवी, शेजारी ठमी.

बाईंनी सुरुवात गोड केली. "इंजिनियर साहेब, उंची किती असेल त्या जागेची?"

मला शिकवलं होतं तसं मी म्हणालो, "फार नाही. साधारण उंची."

"साधारण म्हणजे?"

"आठवत नाही."

बाईंनी न्यायाधीशांची परवानगी घेतली, पिशवीतून ओळंबा काढला आणि माझ्या हातात दिला. "हा धरा." मग शिपायाला दोरीचं गुंडाळं दिलं आणि बाळूची गाठ दाखवली. "दोरी सोडत या गाठीपर्यंत चालत जा."

शिपाई निघाला. वकिलांच्या टेबलापर्यंत गेला, बाकांपर्यंत गेला, दारापर्यंत गेला. मग दाराबाहेर दिसेनासा झाला. व्हरांड्यात कोणीतरी "अरे सरका, सरका" म्हणालं. थोड्या वेळानं दोरी ताणली गेली आणि बाहेरून आवाज आला, "गाठ आली, साहेब."

सगळं कोर्ट त्या दोरीकडे पाहत होतं. बाळूही. तो माझ्याकडे पाहत नव्हता. आपण नेमके किती उंचीवरून पडलो होतो, ते जणू तोही पहिल्यांदाच पाहत होता.

"ही साधारण उंची," बाई म्हणाल्या. "आता रजिस्टर बघू. अक्षर सुरेख आहे. तुमचं?"

"होय," मी खुलून म्हणालो. मूर्खाला कौतुक कुठेही पुरतं.

"बुधवारी बाळूला पट्टा मिळाला. हा त्याचा अंगठा?"

"होय."

"पट्टा रोज सकाळी देता, आणि अंगठा पट्टा दिल्यावरच घेता?"

"होय. रोज. त्याशिवाय आम्ही कोणाला चढूच देत नाही."

"वा." बाईंनी पान उलटलं. "गुरुवारी पट्टा मिळाला, अंगठा. शुक्रवारी मिळाला, अंगठा. शनिवारी पण मिळाला. बुधवारी दुपारी बाळू पडला. शुक्रवारी तो सरकारी दवाखान्यात होता आणि डाव्या हाताला बोटांपर्यंत प्लास्टर होतं. इंजिनियर साहेब, तुम्ही पट्टा घेऊन दवाखान्यात गेला होता का? आणि प्लास्टरमधून अंगठा काढलात कसा?"

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. कंपनीचे वकील डोळ्यांनी मला 'आठवत नाही' सांगत होते, पण अंगठा 'आठवत नाही' म्हणत नाही. माझं बक्षिसाचं अक्षर त्या पानावर टाय लावून उभं होतं, माझ्यासारखंच.

बाईंनी रजिस्टर मिटलं. आता त्या माझी सालं काढतील असं मला वाटलं. त्या जवळ आल्या आणि अगदी हळू, गावच्या बोलीत, फक्त मला आणि टायपिस्टला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "रजिस्टर राहू दे आता. एकच सांग. त्याला चढायला कोणी सांगितलं हाय?"

'मुकादमानं' असं उत्तर तयार होतं. वकिलांनी ते माझ्याकडून पाच वेळा पाठ करून घेतलं होतं. हातात ओळंबा होता आणि दोरी अजून दाराबाहेर ताणलेली होती. मला तिसऱ्या मजल्यावरची बाई आठवली. तिच्याकडे माझं बोलणं होतं. तिनं ते काढलं नव्हतं आणि आताही काढणार नव्हती.

"मी," मी म्हणालो. "मी सांगितलं. पाच मिनिटांचं काम आहे म्हणालो. पट्टा दिला नव्हता."

टायपिस्ट मशीनवर थांबला. "'मी' लिहू का, साहेब?" त्यानं न्यायाधीशांना विचारलं.

"ते म्हणतायत तेच लिहा," न्यायाधीश म्हणाले.

बाहेर आल्यावर मी जिन्यावर बसून राहिलो. नोकरी गेली होतीच. आता तुरुंगाचा विचार चालू होता. बाई शेजारी येऊन बसल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर, कारण मीही तिथंच बसलो होतो. म्हणाल्या, "तोंड पाडू नको. तुझ्या एकट्याच्या गळ्यात नाही येत ते. पगार कंपनीचा, शिट्टी कंपनीची. तू सांगितलंस म्हणजे कंपनीनं सांगितलं. तो कोणाचा माणूस, हा प्रश्न आज तू मिटवलास. तुला कळलंय का तू काय बोललास?"

"नाही," मी म्हणालो. हे त्या दिवशीचं माझं दुसरं खरं वाक्य.

निकाल बाळूच्या बाजूनं लागला. कंपनी वरच्या कोर्टात गेली आणि तिथूनही हरून परत आली. नोकरी गेलेल्या मला बाईंचा फोन आला: "इंजिनियर, रिकामा हायस ना? चल, जेएनपीटीच्या बाजूला एक गोदाम हाय. मला चढायचंय, बाही पाहिजे." पुढची कितीतरी वर्षं मी त्यांची बाही होतो. परांची कशी बांधली होती, कुठला बांबू कुजका होता, कठडा कुठे हवा होता, हे मी सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. चुकीचं काम कसं करतात हे माझ्याइतकं आतून कोणालाच ठाऊक नव्हतं. मला त्या कोणाकडेही माझी ओळख एकाच वाक्यात करून देत: "हा आमचा इंजिनियर. शुक्रवारचे अंगठे सोमवारी घेतो."

निकालानंतर एकदा त्या मला बाळूच्या वाडीवर घेऊन गेल्या. बाळूनं नवं कुडाचं घर बांधून घेतलं होतं आणि दारात दोन पायऱ्यांऐवजी मातीचा उतार केला होता. चहा झाला. मग बाळू आंगणातल्या शेवग्याकडे काठी करून म्हणाला, "साहेब, तेवढ्या शेंगा काढा ना. पाच मिन्टाचं काम हाय."

मी अपराधी माणूस. चप्पल काढली आणि झाडाला हात घातला. एक पाय फांदीवर ठेवला तेव्हा फांदीनं कुरकुर केली आणि मागे ठमीला हसू आवरेना. शेवग्याची फांदी मांजराच्या वजनानंही मोडते, हे त्या वाडीवरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. इंजिनियरलाच नव्हतं.

"उतर, उतर," बाई ओरडल्या. "आणि बाळू, तू रं? चढायला कोणी सांगितलं याला? पडला तर तुझ्यावर दावा टाकीन मी."

"आमी नाय सांगितलं," बाळू गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "तो हौसेनं चढला."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माझ्या मते बाळूनं मला त्या दिवशी माफ केलं. निदान आमचा हिशेब चुकता झाला.

त्यांचा प्रश्न फक्त कोर्टापुरता नव्हता. सख्ख्या भाच्याच्या हळदीला अख्खं गाव जमलं होतं, डीजे लागला होता. मांडवाच्या उंच बांबूवर एक वायरमन दातात वायर धरून लटकत दिव्यांची माळ लावत होता. बाईंनी डीजे बंद करायला लावला. नवऱ्या मुलाच्या अंगावर हळद अर्धी, बायका वाट्या घेऊन उभ्या. भाऊ कळवळून म्हणाला, "ताई, घरचं काम हाय ह्ये. कोर्ट नाय."

"पडल्यावर त्याला घरचा म्हणशील का?"

भावानं मांडवाकडे वळून हाक दिली. दोन माणसं शिडी आणायला पळाली, वायरमन खाली आला, त्याला कंबरेला दोर बांधला. मग बाईंनी स्वतः जाऊन डीजेचं बटण दाबलं आणि पहिल्या गाण्यावर सगळ्यांच्या आधी त्या नाचल्या. हळद अर्धा तास उशिरा पूर्ण झाली आणि जावयांना जेवायला उशीर झाला. गावात त्यावर अजून बोलतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घरी. गुडघे गेले होते, कोर्ट सुटलं होतं, हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. मी आंबे घेऊन गेलो होतो. भर दुपारी, फाटकाच्या आत, उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई बसलेल्या. डोक्यावर टॉवेल, हात कपाळावर, नजर वर. वर बघितलं की त्यांना चक्कर येई, हे मला माहीत होतं.

"आत का बसत नाही?" मी म्हणालो.

"काम चालू हाय."

दुमजली बंगला. वरच्या खिडकीबाहेर रंगारी परांचीवर उभा होता. कंबरेला पट्टा, पट्ट्याचा दोर गच्चीतल्या खांबाला. खाली परांचीच्या चारही पायांना विटांचा आधार.

"त्याला पट्टा आहे, दोर आहे. तुम्ही इथे बसून काय करणार?"

"मालक कोण?" त्या म्हणाल्या. "बिल्डर नाही, ठेकेदार नाही, मुकादम नाही. या घराला रंग दे, असं मी म्हणाले. आयुष्यभर लोकांना विचारलं, चढायला कोणी सांगितलं. आज उत्तर मी हाय. मग बसायला नको?"

"सकाळपासून बसलाय?"

"कालपासून," वरून रंगारी म्हणाला. "मावशी, तुमी जा ना आत. मला कापरं भरतंय तुमी बघता तर."

"तू भिंतीकडे बघ," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. गोळीची वेळ झाली होती. माझ्या बाहीला धरून त्या उठल्या. मी त्यांना आत न्यायला निघालो, तर त्यांनी माझा हात सोडवला आणि मला त्या खुर्चीत बसवलं.

"मी गोळी घेऊन येते. तोपर्यंत मालक तू."

भिंतीला धरत, एकेक पाऊल मोजत त्या दारापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या, वळून आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणि रजिस्टर काढू नको," त्या म्हणाल्या. "वर बघ."

मी वर बघत बसलो.